मार्तंड स्टोअर्सची लिफ्ट

१

विजयादशमीच्या सकाळी मार्तंड स्टोअर्सचे मालक वेंकोजीराव आपल्याच दुकानाच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात मरून पडलेले सापडले. लिफ्टची पेटी वर तिसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या मजल्यावरचं जाळीचं दार उघडं होतं आणि दारापाशी म्हाताऱ्याची एक चप्पल पडली होती.

मैसूरच्या जुन्या मराठी घरांना मार्तंडची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी सांगते. वेंकोजीरावांचे वडील संस्थानच्या घोडदळाला खोगिरं आणि गणवेश पुरवायचे. घोडदळ गेलं तसा धंदाही गेला. मग १९४९ साली वेंकोजीरावांनी खोगिरांच्या वखारीतच सगळ्या वस्तूंचं दुकान थाटलं. चंदनाच्या साबणापासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं एका दारातून आत गेलं की मिळायचं. लोक हसले. पुढं नंजनगूड, बन्नूर आणि सरगूरला शाखा निघाल्या तेव्हा तेच लोक उधारी मागायला आले. मग लिफ्ट आली. खेडोपाडीची माणसं दसऱ्याला राजवाडा बघायची आणि नंतर मार्तंडच्या लिफ्टमध्ये बसून यायची. त्यांना खरेदीशी काही देणंघेणं नसायचं.

मी गोदावरीबाई. नजरबादच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. दुकानाला पंचवीस वर्षं होत होती म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम वेंकोजीरावांनी मला दिलं होतं. 'खरं लिहा, गोड नको,' एवढीच त्यांची अट होती. अशी अट घालणारा मालक मला पुन्हा भेटायचा नाही.

त्या सकाळी बातमी ऐकून मी दुकानात पोचले तेव्हा पोलीस आले होते. इन्स्पेक्टरांनी लिफ्टमन शेषगिरीचा दंड धरला होता. शेषगिरीची बायको नागरत्ना माझी विद्यार्थिनी. ती पदर सावरत धावत आली आणि तिनं गर्दीतून मला शोधून काढलं.

"टीचर, अय्यो देवरे, त्यांनी काही नाही केलं! खाली होती लिफ्ट! खालीच ठेवून आले ते, देवाशप्पथ!"

"मग वर कशी गेली?" इन्स्पेक्टर म्हणाले. "दांडा तर पूजेत आहे."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. दांडा पूजेत होता.

२

हे नीट समजून घ्या, कारण शेषगिरीचा जीव त्यात अडकला होता.

ती लिफ्ट जुन्या घडणीची. आत एक पितळी दांडा बसवायचा आणि तो फिरवला की पेटी वर-खाली व्हायची. दांडा काढला की लिफ्ट ठप्प. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची पद्धत होती. कात्र्या, कापड मोजायचे गज, तराजू आणि लिफ्टचा दांडा. तळमजल्यावर वेंकोजीरावांच्या गादीसमोर पाट मांडायचा आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही. इथले कन्नड लोक त्याला आयुधपूजा म्हणतात. नियम एकच.

इन्स्पेक्टरांचा हिशेब सरळ होता. दांडा नवमीच्या दुपारी पूजेत गेला आणि सकाळी पूजेतच सापडला. म्हणजे मधल्या वेळात लिफ्ट हलली नाही. म्हणजे ती पूजेच्या आधीपासूनच तिसऱ्या मजल्यावर होती. म्हणजे शेषगिरीनं पेटी वर सोडली, दुसऱ्या मजल्याचं दार उघडं टाकलं, आणि म्हातारा अंधारात समोर लिफ्ट आहे असं समजून पाऊल टाकता झाला. त्यात आठवड्यापूर्वीच वेंकोजीरावांनी शेषगिरीला चारचौघांत झापलं होतं, पोरांना फुकट फिरवतो म्हणून.

"निष्काळजीपणा असेल नाहीतर डूख धरला असेल," इन्स्पेक्टर म्हणाले. "दोन्हीला जेलच आहे. परवा कोर्टात उभा करतो."

तळमजल्यावरचं लिफ्टचं दार लाकडी आणि बंद. त्यामागं पेटी होती की नव्हती हे पूजेला जमलेल्या कुणीच पाहिलं नव्हतं. शेषगिरीचा शब्द सोडला तर त्याच्या बाजूनं काही नव्हतं, आणि गरिबाच्या शब्दाला पोलीस ठाण्यात काय किंमत असते हे मी सांगायला नको.

मी पूजेच्या पाटाजवळ गेले. सगळं जागच्या जागी होतं. दांडा मधोमध, बाजूला गज, कात्र्या, लिंबं. सगळ्यावर भंडाऱ्याचा जाड थर. खंडोबाच्या घरची पूजा ती, पिवळीधमक असायचीच.

मग मला आठवलं. ही पूजा पिवळी असायला नको होती.

३

व्यवस्थापक नरसिंहमूर्ती गादीजवळच्या खुर्चीत डोकं धरून बसले होते. दुकान उघडल्यापासूनचा माणूस. दुकानाची पंचवीस वर्षं साजरी झाली की त्यांना घरी बसवणार अशी कुजबुज होती, आणि त्यांनाही ती ठाऊक होती.

"नरसिंहमूर्ती, काल पूजा कुणी केली?"

"मीच. गोत्तिल्लवा तुम्हाला? मालकांना सुतक ना."

मला ठाऊक होतं. सप्तमीला बन्नूरचे अंबाजीराव वारले. वेंकोजीरावांचे चुलतभाऊ. घराला दहा दिवसांचं सुतक लागलं, देव बांधून ठेवले गेले. नवमीच्या दुपारी मी स्वतः दुकानात होते. म्हातारा बाहेर फुटपाथवर उभा होता आणि तिथूनच हात जोडत होता. आत पाऊल टाकलं नाही. दरवर्षी हाच माणूस भंडाऱ्याच्या अशा मुठी उधळायचा की खालची कात्री दिसायची नाही.

"तुम्ही काय वाहिलंत?"

"गंध, कुंकू, फुलं. आमच्याकडं तेच. भंडारा मी कसा लावू? तो त्यांच्या घरच्या देवाचा."

"मग हे काय?"

नरसिंहमूर्तींनी पाटाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "सकाळीच दिसलं मला. वाटलं, मालकांना राहवलं नसेल. संध्याकाळी येऊन स्वतःच उधळला असेल. मेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं म्हणून सुम्ने, गप्प राहिलो."

गादीमागच्या कोनाड्यात भंडाऱ्याचा पितळी डबा असायचा. मी तो उघडला. तळाला चिमूटभर उरला होता. नरसिंहमूर्ती शपथेवर म्हणाले की नवमीला तो काठोकाठ भरलेला होता.

दुपारी वेंकोजीरावांना घरी आणून ठेवलं तेव्हा मी दर्शनाला गेले. लोक तोंडाकडं बघत होते, मी हातांकडं बघितलं. हळद एकदा लागली की दोन-दोन दिवस नखांत राहते, हे सांगायला पंडित लागत नाही. म्हाताऱ्याचे तळवे स्वच्छ होते. नखं पांढरी होती.

म्हणजे दुकानात दुसरं कुणीतरी होतं.

४

जगन्नाथराव हे वेंकोजीरावांचे एकुलते चिरंजीव. बंगळूरच्या एका कंपनीला सगळ्या शाखा विकाव्यात असं त्यांचं मत, आणि बापाचं मत नेमकं उलटं. दोघांचं भांडण मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"नवमीच्या संध्याकाळी कुठं होतात?"

"गर्दीत. राजवाड्याचे दिवे बघत होतो." ते चिडून म्हणाले. "साक्षीदार नाही माझ्याकडं. माझ्यावर संशय आहे तुमचा, हौदा? भांडलो मी अप्पांशी. मी नाही भांडायचं तर कुणी भांडायचं?"

"अप्पा संध्याकाळी कुठं जातो म्हणाले?"

"बन्नूरला. अंबाजीकाकांच्या घरी. उशीर झाला तर तिथंच राहीन म्हणाले, म्हणून आम्ही वाट नाही बघितली." एवढं बोलून त्यांचा आवाज फुटला. भांडकुदळ मुलं बापासाठी रडतात तेव्हा बघवत नाही.

वेंकोजीरावांनी जन्मात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र बायकोला, मुलाला आणि माहेरी आलेल्या मुलीला, तिघांनाही सांगितलं. कुणाला तरी गुपचूप भेटायचं होतं. ती संध्याकाळ मी त्यांच्याच गच्चीवर त्यांच्या पत्नी भवानीबाई आणि लेक वनजाबरोबर काढली होती. तिघी दिवे बघत होतो. वनजा हसत होती, नवरा सरगूरची शाखा सोडून सणालाही येत नाही म्हणून लटकी तक्रार करत होती.

तो नवरा, श्रीनिवासराव, दसऱ्याच्या दुपारी दुकानाच्या गाडीतून आला. ट्रंककॉल गेला तसा निघालो, म्हणाला. देखणा, मृदू बोलणारा माणूस. सासूच्या पायाशी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "कालची पूजा तेवढी मामंजींच्या हातची झाली ना? शेवटचीच म्हणायची."

भवानीबाई नुसत्या रडत राहिल्या. मीही ते वाक्य तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष दुसरीकडं होतं. तो माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या कोटाला चंदनाचा वास येत होता.

मैसुरात चंदनाचा वास कुणाला येत नाही? पण मला एक कांबळं आठवलं.

५

नवमीच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. वेंकोजीराव मला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. सरगूरकडच्या धनगरांकडून तिथली शाखा कांबळी विकत घेते आणि मैसूरला पाठवते, त्याचा ढीग तिथं असायचा. त्यांनी एक कांबळं उचलून माझ्या नाकाशी धरलं.

"कसला वास येतो, बाई?"

"चंदनाचा."

"साबण तळमजल्यावर असतो. इथं वास कुठून आला?" त्यांनी कांबळं हळूच घडी घालून ठेवलं. चेहरा मेणासारखा झाला होता. "सरगूरचं प्रकरण तूर्त लिहू नका. आधी मला एकाशी बोलायचंय. पोरीच्या कानावर जायच्या आत."

सरगूरच्या पलीकडं जंगल आहे. जंगलात चंदन आहे. चंदनाचं झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ते सरकारचं, आणि चोरून तोडलेलं लाकूड शहरात आणायला कांबळ्यांनी भरलेल्या, साऱ्या गावानं ओळखलेल्या मार्तंडच्या गाडीसारखी सोय दुसरी नाही. म्हाताऱ्याला ते नाकानं कळलं होतं.

मी इन्स्पेक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाईचे होते. त्यांनी सरगूरला माणसं पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं परतली.

"वखार झाडून-पुसून लख्ख," इन्स्पेक्टर म्हणाले. "वास आहे, टीचर. पण वासाला बेडी कशी घालू? उद्या सकाळी शेषगिरीला कोर्टात न्यावंच लागेल मला."

ठाण्याच्या पायरीवर नागरत्ना बसली होती. मला बघून ती उठली. मी तिला म्हटलं, "सकाळी वेंकोजीरावांच्या घरी ये." आणि इन्स्पेक्टरांनाही तेच सांगितलं.

६

सकाळी माजघरात सगळे जमले. भवानीबाई भिंतीला टेकून, वनजा त्यांच्याजवळ. जगन्नाथराव, नरसिंहमूर्ती आणि श्रीनिवासराव जाजमावर. इन्स्पेक्टर दारात आणि त्यांच्यामागं शेषगिरी, दोन शिपायांच्या मध्ये. नागरत्ना उंबऱ्याबाहेर उभी.

शिकवायची सवय जात नाही. मी उभं राहूनच बोलले.

"शेषगिरीविरुद्ध पुरावा एकच. दांडा पूजेतून हलला नाही. पण तो हलला होता. नवमीच्या संध्याकाळी कुणीतरी मागच्या दारानं आत आलं, पूजेतून दांडा ओढून घेतला आणि पेटी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. दुसऱ्या मजल्याचं दार उघडून ठेवलं. मग दांडा परत पूजेत ठेवला, म्हणजे दोष लिफ्टमनवर जावा. पण दांडा ओढताना मांडणी विस्कटली होती, गंध-कुंकू पुसलं होतं. ते झाकायला त्यानं भंडारा उधळला. डबा रिकामा होईपर्यंत उधळला."

"अप्पांनी उधळला नसेल कशावरून?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"सुतकात? आणि उधळून हात कोरे? मी पाहिलेत ते." भवानीबाईंनी मान हलवली. त्यांनीही पाहिले होते.

"आता बघा. त्या माणसाला पूजा जशीच्या तशी दाखवायची होती. शेषगिरी पूजेला हजर होता. त्यानं गंध-कुंकू लावलं असतं. नरसिंहमूर्तींनी तर स्वतः पूजा केली, त्यांनीही तेच केलं असतं. जगन्नाथराव, तुम्ही सुतकात होता, यंदा भंडारा नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक. वनजा सणासाठी इथंच होती, तिलाही ठाऊक, आणि संध्याकाळभर ती माझ्या शेजारी बसली होती. ज्यानं भंडारा उधळला त्याला या घरची दरवर्षीची रीत माहीत होती. पण यंदाचं सुतक माहीत नव्हतं."

 बाहेर कुणाच्या तरी दारात शेण सारवत होते, त्याचा वास आत येत होता.

"चुलतभावाचं सुतक जावयाच्या घराला लागत नाही. म्हणून सरगूरला निरोप गेला नाही. श्रीनिवासराव, वेंकोजीरावांनी तुम्हाला गुपचूप दुकानात, दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळ्यांपाशी बोलावलं, मुलीला कळू नये म्हणून. तुम्ही त्यांच्या आधी पोचलात."

श्रीनिवासरावांनी घाम पुसला नाही, आवाजही चढवला नाही. हसले.

"गोदावरीबाई, गोष्ट छान रचलीत. पण पायाच कच्चा आहे. सुतक मला माहीत होतं."

"मग सासूबाईंना पूजा मामंजींच्या हातची झाली का, असं कसं विचारलंत?"

"दुःखात माणूस काय बोलतो ते त्याला तरी कळतं का? मला वनजानं सप्तमीलाच टेलिफोन केला होता. अंबाजीकाका गेले, घरात सुतक आहे, म्हणाली. मग मी कशाला भंडाऱ्याला हात लावीन?" त्यांनी बायकोकडं वळून पाहिलं. "विचारा तिला. सांग ना, वनजा."

 याचा विचार मी केलाच नव्हता. सप्तमीला मी त्या घरात नव्हते. टेलिफोन झाला की नाही हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक खोटं बोलत होतं की खरं, हे दुसऱ्यानं सांगायचं होतं.

७

इन्स्पेक्टर पुढं आले. "सांगा अम्मा. केला होता टेलिफोन?"

वनजा तेव्हा तिशीचीही नव्हती. दोन लहान मुलं सरगूरला शेजाऱ्यांकडं होती. तिच्या एका 'हो'वर तिचं कुंकू, तिचं घर आणि मुलांचं नाव उभं होतं. एका 'हो'नं शेषगिरी परत त्या दोन शिपायांबरोबर निघून गेला असता. तिला शपथ घालावी असं मला वाटलं. पण कुठल्या तोंडानं घालणार होते?

ती नवऱ्याकडं बघत राहिली.  त्यांनी मान किंचित हलवली, लहान मुलाला आठवण करून द्यावी तशी.

"इल्ला," वनजा म्हणाली.

इन्स्पेक्टरांना उद्देशून ती कन्नडातच बोलत राहिली. नंतर नवऱ्याकडं वळून मराठीत आली. "नाही केला मी टेलिफोन. तुमच्या घराला ते सुतक नाही, सणासुदीचं कशाला सांगायचं, म्हणून नाही केला. तुम्हाला माहीत नव्हतं."

"वनजा!" श्रीनिवासराव उठले. चेहऱ्यावरचं सगळं मार्दव ओघळून गेलं होतं. "एवढं एक वाक्य बोलायचं होतं तुला. एवढंच! कुणासाठी केलं मी ते सगळं? म्हातारा पोलिसांत जाणार होता. पाया पडलो मी त्याच्या, ऐकेना, शेवटी ढकललं..."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले, पण आता उशीर झाला होता. शिपायांनी शेषगिरीचे हात सोडले आणि जाजमावर आले. जगन्नाथराव धावून गेले, त्यांना नरसिंहमूर्तींनी कवेत धरून ठेवलं. भवानीबाईंनी पदर तोंडात कोंबला. जावयाला घराबाहेर नेताना इन्स्पेक्टरांनी चपला घालायला वेळ दिला, एवढं मला आठवतं.

मग माजघर रिकामं झालं. नागरत्ना उंबरा ओलांडून आत आली आणि वनजाच्या पायांवर कोसळली. तिला हुंदके आवरत नव्हते. "अक्का, तुमचे उपकार... स्वतःचा संसार मोडून तुम्ही माझ्यासाठी..."

वनजानं पाय मागं घेतले.

"तुझ्यासाठी नाही बोलले मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "पाया नको पडूस. हो म्हटलं असतं तर आज रात्री मला त्यांच्या शेजारी निजायला लागलं असतं."